जुन्या लाकडाचा सातबारा

कंबोडियातल्या सिएम रीपमध्ये मी अकरा महिने राहिलो. नोकरी पुण्यातल्या कंपनीची, काम लॅपटॉपवर. शनिवार-रविवारचा उद्योग मात्र वेगळा होता. शहराबाहेर एक गेस्टहाउस उभं राहत होतं आणि तिथे येणाऱ्या लाकडाची नोंद ठेवणारं ॲप मी लिहून दिलं होतं. बदल्यात मालकाने राहायला खोली दिली होती. गेस्टहाउस म्हणजे पारंपरिक ख्मेर पद्धतीची, उंच खांबांवर उभी असलेली चार लाकडी घरं. सगळी ‘रिक्लेम्ड टिंबर’ची, म्हणजे मोडलेल्या जुन्या घरांच्या लाकडाची. ‘यासाठी एकही झाड तोडलेलं नाही’ असं वेबसाइटवर ठळक अक्षरांत होतं. ते वाक्य मीच टाइप केलं होतं. त्यामुळे पुढचं वाचताना मलाही आरोपींच्याच रांगेत उभं करा.

ॲप साधं होतं. ट्रक आला की प्रत्येक खांबावर, तुळईवर, फळीवर क्यूआर कोडचं स्टिकर लावायचं आणि पाच रकाने भरायचे. लांबी, जाडी, लाकडाची जात, अवस्था, किंमत. तिसऱ्या महिन्यात तिथल्या म्हाताऱ्या सुताराने माझ्या मोबाइलमध्ये डोकावून विचारलं, ‘घर कुणाचं होतं, ते कुठे लिहितोस?’ त्याला सगळे ‘ता’ म्हणायचे. ख्मेरमध्ये ता म्हणजे आजोबा. साइटवर आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी होती, ती आमच्यामधली दुभाषी. तिने प्रश्न सांगितला आणि मी हसून म्हणालो, ‘त्याची गरज नाही.’

गरज होती. माझं म्हणणं एवढंच आहे: लाकूड जुनं आहे म्हणून ते आपोआप पुण्याचं होत नाही. ते कुठल्या घराचं, कुणाच्या घराचं, आणि ते घर का मोडलं, हे सांगता येत नसेल तर त्याला ‘रिक्लेम्ड’ म्हणू नका. सरळ ‘भंगारात घेतलं’ म्हणा. जमिनीचा तुकडा घेताना आपण सातबारा बघतो. लाकडाचा का बघत नाही?

आधी घराविषयी. अंगकोरची देवळं बघून आलेल्या लोकांना वाटतं की ख्मेर लोक दगडात राहत असतील. दगड देवासाठी होता. माणसं लाकडात राहायची, राजासुद्धा. १२९६ मध्ये झोउ दागुआन नावाचा चिनी दूत अंगकोरला आला होता. त्याने लिहून ठेवलंय की मोठ्या लोकांच्या घरांवर कौलं असायची, सामान्य माणसाला मात्र गवतानेच शाकारावं लागायचं, कौल घालायची त्याची हिंमत नव्हती. ती सगळी घरं गेली. देवळं राहिली, म्हणून आपण देवळांचे फोटो काढतो.

आज गावात दिसणारं जुनं ख्मेर घर कमरेपासून पार डोक्याच्या वरपर्यंत कितीही उंच खांबांवर असतं. पुराचं पाणी खालून जातं, पाणी नसेल तेव्हा तिथे गुरं, हातमाग आणि दुपारच्या झोपेची झोळी. पायऱ्यांची संख्या विषम. घराचं तोंड शक्यतो पूर्वेला. माप हातात मोजायचं. त्यांच्या भाषेत या मापाचं नावच ‘हात’च्या जवळपासचं आहे, कारण दोन्ही शब्द संस्कृत ‘हस्त’मधून आलेत. जोडणी अशी की एका लाकडाला खाच, दुसऱ्याचं टोक तासून त्या खाचेत बसवलेलं, आणि आरपार लाकडी खुंटी. खुंट्या काढल्या की सांगाडा सुटतो. सुटलेला सांगाडा दुसरीकडे पुन्हा उभा राहतो. लहान घर तर न सोडताही हलवतात. गावातले पन्नास-साठ लोक खाली शिरतात, बांबूंवर घर तोलतात आणि चालत नवीन जागेवर नेऊन ठेवतात.

म्हणजे घर मोडणं, हलवणं, लाकूड पुन्हा वापरणं यात ख्मेर परंपरेच्या विरुद्ध काहीच नाही. घर त्यासाठीच बांधलेलं असतं. त्यामुळे ‘अरेरे, जुनी घरं मोडतात’ अशी हळहळ मला करायची नाही. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. घर हलवणं आणि घराचा माल करणं यात फरक आहे, आणि ‘रिक्लेम्ड’ हा गोंडस शब्द तो फरक पुसून टाकतो.

हा फरक मला ताने दाखवला. एका खांबाच्या वरच्या टोकाला, खाचेजवळ, पटाशीने केलेल्या दोन-तीन खुणा होत्या. मी अवस्थेच्या रकान्यात ‘किरकोळ ओरखडे’ लिहून मोकळा झालो होतो. ता म्हणाला, हे ओरखडे नाहीत, हा पत्ता आहे. कुठल्या रांगेतला, कितवा खांब, कुठली तुळई त्यात बसते, हे ज्याने घर बांधलं त्याने पुढच्या सुतारासाठी लिहून ठेवलंय. आमच्या आवारात तीन वेगवेगळ्या घरांचं लाकूड जाडीप्रमाणे लावलेलं होतं. तुळया एका चळतीत, खांब दुसऱ्या, फळ्या तिसऱ्या. एकही पत्ता आता उपयोगाचा नव्हता. त्यातला एक खांब आडवा कापून बारचा काउंटर झाला. एक उलटा उभा केला. ताने तो दिवसभर काम थांबवून सुलटा करून घेतला. झाडाची मुळाकडची बाजू खालीच राहिली पाहिजे, यावर तो अडून बसला. मालकाने त्या दिवसाची मजुरी ‘वाया गेलेला वेळ’ म्हणून लिहिली. तेही माझ्याच ॲपमध्ये.

त्याच शहरापासून अर्ध्या तासावर बाफुऑन आहे. अकराव्या शतकातलं देऊळ. ढासळायला आलं म्हणून फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९६० पासून ते दगड-दगड सुटं केलं, प्रत्येक दगडाची नोंद ठेवली. मग यादवी युद्धात काम थांबलं, आणि १९७५ मध्ये ख्मेर रूज सत्तेवर आल्यावर ती कागदपत्रं नष्ट झाली. जंगलात सुमारे तीन लाख दगड पडलेले, आणि कुठला कुठे बसतो ते सांगणारा कागद नाही. १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि २०११ मध्ये संपलं. आमच्या धंद्यातला कुणीही ही गोष्ट ऐकून शहारेल. डेटा शाबूत, मेटाडेटा गायब, आणि त्याची किंमत सोळा वर्षं.

देवळाचा कागद हरवला तर जगाला हळहळ वाटते. घराचा कागद आम्ही रोज स्वतःच्या हाताने हरवत होतो आणि त्याला पर्यावरणप्रेम म्हणत होतो.

आता ‘एकही झाड तोडलेलं नाही’कडे येऊ. साठच्या दशकात कंबोडियाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली होता. आता निम्म्याहूनही कमी उरलाय. २००२ मध्ये सरकारने जंगलतोडीच्या कंत्राटांना स्थगिती दिली. मग रबर आणि उसाच्या लागवडीसाठी कंपन्यांना जमिनी मिळाल्या आणि त्या मोकळ्या करण्याच्या नावाखाली तोड चालू राहिली. आपल्या शिसवीची चुलत बहीण असलेलं तिथलं रोझवूड इतकं लुटलं गेलं की २०१३ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. बेकायदा तोडीचे पुरावे गोळा करत फिरणारे चुत वुत्ती २६ एप्रिल २०१२ ला कोह कोंग प्रांतात गोळी लागून मेले. ज्या देशात लाकडापायी माणूस मरतो, तिथे ‘आमचं लाकूड स्वच्छ आहे’ हे वाक्य पुराव्याशिवाय छापायचं?

आणि पुरावा काय, तर लाकूड जुनं दिसतं. ताला मी विचारलं, नवीन लाकूड जुनं करता येतं का? तो हसला. दोन पावसाळे उघड्यावर ठेव, चार खिळे ठोक आणि उपट, म्हणाला, तुला काय कळणार? मला खरंच कळलं नसतं. आमच्याकडे लाकूड देणारा व्यापारी प्रामाणिक असेलही. पण तो प्रामाणिक आहे हे मला ज्याने सांगितलं तो मालक होता, आणि मालकाला ज्याने सांगितलं तो व्यापारी. कुठल्याही सिस्टीममध्ये असं व्हेरिफिकेशन चालवून घेतलं तर आपल्याला नोकरीवरून काढतील.

पाचव्या महिन्यात मी व्यापाऱ्याबरोबर गावात गेलो. पुढचं घर ‘उचलायचं’ होतं. घरमालकीण साठीच्या पुढची, तिला आम्ही ‘ओम’ म्हणालो. आईवडिलांपेक्षा मोठ्या माणसाला तिथे असंच म्हणतात. जमिनीचा कागद तारण ठेवून घेतलेलं मायक्रोफायनान्सचं कर्ज डोक्यावर होतं. कंबोडियात ही कर्जं गावोगाव आहेत. एक मुलगी नॉम पेन्हच्या कपड्यांच्या कारखान्यात, मुलगा थायलंडमध्ये. घर विकून थोडं कर्ज फेडायचं आणि उरलेल्यात मागे विटांच्या दोन खोल्या बांधायच्या, असा हिशोब. व्यापारी घराचा भाव करतच नव्हता. खांबांचा करत होता.

आमच्या वेबसाइटसाठी मी विचारलं, घर किती जुनं? मला ‘शंभर वर्षं’ ऐकायचं होतं. ती म्हणाली, पोल पोटनंतरचं. म्हणजे १९७९ नंतरचं. ख्मेर रूजच्या काळात त्यांचं आधीचं घर मोडून लाकूड सामुदायिक भोजनशाळेला लावलं होतं. ती परत आली तेव्हा जागेवर काहीच नव्हतं. मग ती उठली आणि प्रत्येक खांबाला हात लावत सांगू लागली. हे दोन आईच्या घराचे, भोजनशाळा मोडली तेव्हा ओळखून परत आणले. हा नवऱ्याच्या मावशीच्या घरचा, त्या घरातलं कुणी परत आलं नाही. हे तीन तांदूळ देऊन शेजाऱ्याकडून घेतले. हा पॅगोड्यातल्या भिक्खूंनी दिला. पायथ्याशी कुजलेला भाग कापून खाली सिमेंटची बैठक केली, म्हणून हा इतरांपेक्षा वीतभर आखूड.

मी ज्याला रिक्लेम्ड टिंबर म्हणत होतो ते माझ्यासमोर उभं होतं, आणि त्याचा सातबारा त्या बाईच्या तोंडपाठ होता. ‘परत मिळवलेलं’ या शब्दाचा खरा अर्थ तिला विचारायला हवा होता. तिने आईचे खांब परत मिळवले होते. आम्ही फक्त विकत घेत होतो.

मी सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. परत येऊन ॲपमध्ये सहावा रकाना जोडला, ‘घर कुणाचं’, आणि तो भरल्याशिवाय नोंद पुढेच जाणार नाही असं केलं. वेबसाइटसाठी तिची गोष्ट लिहून मालकाला दिली. त्याने वाचली. फार छान आहे, म्हणाला, पण लोक सुट्टीला येतात, इतकं दुःखाचं नको. ‘शतकभर जुन्या घरांच्या लाकडातून’ हेच राहू दे. आणि तो रकाना ऐच्छिक कर, कामगारांचा वेळ जातो. मी रकाना ऐच्छिक केला. महिनाभराने बघितलं तर तो सगळीकडे रिकामा होता. तिचे आईकडचे दोन खांब दोन वेगळ्या घरांत गेले. भिक्खूंनी दिलेला, आखूड म्हणून, व्यापाऱ्याने परत नेला. त्यानंतर मी खोली सोडली. फार उशिरा सोडली, हे मला कबूल आहे.

आता यावर जे बोललं जातं ते मला माहीत आहे, कारण मी स्वतः ते बोललोय.

‘घेतलं नसतं तर जळणात गेलं असतं.’ काही लाकूड गेलं असतं, खरंय. पण बुडणाऱ्याला वाचवलं म्हणून त्याचं नाव बदलायचा अधिकार मिळत नाही. वाचवलंय ना? मग कुणाला वाचवलं ते सांगा.

‘तिला पैसे मिळाले.’ मिळाले, आणि घर विकण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. गळकी कौलं, वाळवी आणि कर्जाचा हप्ता सांभाळत तिने आपल्या सौंदर्यदृष्टीसाठी लाकडी घरात राहावं, असं सांगणारा मी कोण? पण हिशोब बघा. तिला पैसे मिळाले लाकडाचे. गेस्टहाउसमधला पाहुणा एका रात्रीचे पैसे मोजतो ते लाकडाचे नाही, गोष्टीचे. गोष्ट तिची होती. तिच्याकडून ती घेतली नाही, तिला तिचे पैसे दिले नाहीत, आणि वर तिच्या जागी एक खोटी, जास्त गुळगुळीत गोष्ट लावली. दुसऱ्याचा ओपन सोर्स कोड उचलायचा, लायसन्सची फाइल आणि लेखकाचं नाव काढून टाकायचं आणि आपलं प्रॉडक्ट म्हणून विकायचं, याला आपण काय म्हणतो?

‘सगळा इतिहास शोधत बसलो तर काही बांधूनच होणार नाही.’ होतं. पूर्ण घर घ्या, सुटे खांब नको. मोडण्याआधी फोटो काढा, सुताराच्या खुणांप्रमाणे क्रमांक टाका, आणि तोच सांगाडा पुन्हा उभा करा. लांबी कमी पडली, एखादी तुळई बदलली, तर बदलली म्हणून लिहा. ज्याला जुन्या खुणा वाचता येतात त्या सुताराला रोजंदारीवर ठेवू नका, त्याचं नाव दारावर लावा. घर देणाऱ्या कुटुंबाला विचारा: तुमचं नाव लावू का, गोष्ट सांगू का, त्याचे किती देऊ? ते नको म्हणाले तर गप्प बसा. आणि हे जमत नसेल तर विटा-सिमेंटचं बांधा आणि तसं सांगा. ओमच्या दोन खोल्या आमच्या गेस्टहाउसपेक्षा प्रामाणिक होत्या.

त्या दिवशी ओमने मला विचारलं होतं, तुझ्या गावाला लाकडी घर आहे का? मी म्हणालो, होतं. तिच्या घराचे बरेचसे खांब सोक्रमचे होते. हेच झाड आपल्याकडे कोकणात होतं, त्याला जांभा म्हणतात. आमचं रत्नागिरीकडचं घरही जांभ्याचंच, दगडही जांभा आणि चार खांबही जांभ्याचे. २०१८ मध्ये बाबा आणि काकांनी ते मोडायला दिलं. खांब, दारं, देवघराची चौकट असं सुटं सुटं विकलं गेलं. जाहिरातीचे फोटो मी काढले होते आणि खाली ‘शंभर वर्षं जुनं अस्सल लाकूड’ असं लिहिलं होतं. किती वर्षं जुनं, ते मी आजीला विचारलंही नव्हतं. तेव्हा ती होती.

गेस्टहाउसच्या पहिल्या घराचं काम सुरू होण्याआधी तिथे क्रोंग पालीची पूजा झाली होती. केळीच्या सोपटांची छोटी मखरं, फळं, उदबत्त्या, आणि मंत्र म्हणणारा अचार, म्हणजे आपला आचार्य. जमिनीच्या मूळ मालकाची परवानगी घ्यायची, तुझ्या अंगावर घर उभं करतोय, रागावू नकोस. मालकाने व्हिडिओ काढला, मी एडिट केला. पाली कोण ते मला खूप नंतर कळलं. पाली म्हणजे बळी. ज्याने तीन पावलं जमीन दिली आणि ज्याचं सगळं गेलं, तो आपला बळीराजा. त्याचं राज्य यावं म्हणून आपण दिवाळीत म्हणतो, आणि तिकडे हजारो किलोमीटरवर घर बांधताना लोक अजून त्याला विचारतात.

आम्ही जमिनीच्या मालकाला विचारलं. लाकडाच्या मालकिणीला त्या आवारात कुणी कधी बोलावलंसुद्धा नाही.

तुमच्यापैकी बरेच जण कधीतरी अंगकोरला जाल. जुन्या लाकडाच्या सुंदर घरात राहायचं बुकिंग करायचा मोह होईल, आणि करा. आधी एक मेसेज टाका: हे घर कुठल्या गावातून आलं, कुणाचं होतं, कुठल्या सुताराने उभं केलं? उत्तर आलं तर दोन पैसे जास्त द्या. ‘शतकभर जुनं’ एवढंच आलं तर समजा की माझ्यासारख्या कुणीतरी ते टाइप केलंय. कोकणातल्या हेरिटेज होमस्टेला आणि पुण्यातल्या जुन्या खांबांच्या रेस्टॉरंटलाही हाच मेसेज टाका. त्यातले चार खांब आमचे असू शकतात. ओमच्या अकरा खांबांची यादी माझ्या मोबाइलमध्ये आहे. आमच्या चारांविषयी मला एक ओळही लिहिता येत नाही.